परदेशातून आलेल्या सुनेचं आधार: थांबा, पण एजंट नको

मुलगा बाहेरच्या देशात निकाह करून बायकोला बदलापूरला घेऊन आला, की घरात पहिला प्रश्न, सूनबाईचं आधार कधी? कायद्यानुसार अर्जाआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेली व्यक्तीच 'रहिवासी' ठरते. म्हणजे साधारण सहा महिने थांबायचं. नुसत्या निकाहनाम्यावर आधार होत नाही, वैध पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. आधारची मुदतही व्हिसा असेल तोवरच. ओसीआय कार्ड असेल तर १० वर्षं.

या सहा महिन्यांतच एजंट गाठतो. म्हणतो, 'इथलीच म्हणून करून देतो.' खोटी माहिती देऊन दुसरीच कुणी असल्याचं भासवलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मिळतं काय? आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे कायद्याच्या ९व्या कलमातच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका जामीन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. सध्या कागदपत्रांची तपासणी कशी चालते ते आपण बघतोच. असा बनावट कागद सुनेबरोबर सगळ्या घरालाच चौकशीत ओढेल.

नागरिकत्वाचा रस्ता वेगळा आहे. भारतीयाशी लग्न आणि इथे ७ वर्षं वास्तव्य, मग नोंदणीचा अर्ज. तोवर व्हिसा वाढवला की आधारही लगेच अपडेट करून घ्या.