कोअर किती, यापेक्षा वाटा किती?

मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हवामान खात्याचा इशारा हा आरोग्याचाही इशारा असतो. उष्माघाताच्या रुग्णाचे शरीर पहिल्या अर्ध्या तासात थंड करता आले, तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. त्यासाठी बर्फ, सलाइन आणि मोकळी खाट आधीच तयार हवी. ती तयारी वेळेत होणे हे पुण्यातील एका महासंगणकाच्या प्रोसेसर आणि मदरबोर्डवरही अवलंबून असते.

भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्क’ या महासंगणकाचे उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, तर २०१८ मधील ‘प्रत्युष’ची ४ पेटाफ्लॉप्स. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली आणि अंदाजाचा चौकोन १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आला. पूर्वी छत्रपती संभाजीनगर शहराचा बराचसा भाग एकाच आकड्यात बसत असे. आता त्याच जागेत चार आकडे मिळतात. मात्र चौकोन चौपट झाले, की गणिताच्या पायऱ्याही साधारण दुप्पट जवळ घ्याव्या लागतात. काम आठपटीपर्यंत वाढू शकते आणि यंत्राची ताकद मात्र तिपटीहून कमीच वाढलेली असते. म्हणूनच यंत्राची निवड केवळ पेटाफ्लॉप्स पाहून करता येत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टर दुप्पट केले, पण केसपेपरची खिडकी एकच ठेवली, तर रांग हलत नाही. प्रोसेसरमधील कोअर म्हणजे डॉक्टर. मेमरीकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे खिडक्या. ‘प्रत्युष’च्या इंटेल झिऑन चिपमध्ये १८ कोअर आणि मेमरीच्या ४ वाटा होत्या. ‘अर्क’च्या एएमडी एपिक चिपमध्ये ४८ कोअर आणि ८ वाटा आहेत. म्हणजे डॉक्टर अडीचपटीहून वाढले, खिडक्या दुपटीनेच. ही तूट काही प्रमाणात भरून निघते ती चिपमधल्याच जलद साठ्याने. तो ४५ मेगाबाइटवरून २५६ मेगाबाइटवर गेला आहे, शिवाय मेमरीही अधिक वेगवान आहे. हवामानाच्या गणितात आकडे सतत आत-बाहेर करावे लागतात, त्यामुळे तिथे वाटांना अधिक मोल. या वाटा प्रत्यक्षात आखलेल्या असतात त्या मदरबोर्डवर. म्हणून चिप आणि बोर्ड यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

हा धडा पुण्याने आधीही गिरवला आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला दोन प्रोसेसरचा क्रे नाकारून एका प्रोसेसरचा दिला. १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यासाठी निवडलेला ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर एकटा फार बलवान नव्हता, पण शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी त्यात चार जोडण्या होत्या. निवड अचूक होती. मात्र त्या चिपची पुढची पिढी रखडली, ती मालिकाच संपली आणि १९९८ च्या ‘परम १००००’साठी सन कंपनीचा अल्ट्रास्पार्क घ्यावा लागला. निवड कितीही योग्य असली, तरी चिप दुसऱ्याची असेल तर तिचे आयुष्यही दुसराच ठरवतो.

आज सी-डॅकचा ‘रुद्र’ सर्व्हर देशात आरेखित झाला आहे. त्यावर बसणारा प्रोसेसर मात्र इंटेलचाच. मदरबोर्ड ठरावीक सॉकेटसाठी बनतो. सॉकेट बदलले की बोर्डही नव्याने आखावा लागतो. त्यामुळे स्वदेशी बोर्ड हे अर्धे स्वातंत्र्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आर्म रचनेवरील ‘औम’ या प्रोसेसरचे काम सुरू आहे.

वैद्यकीय महाविद्यालये आणि विद्यापीठेही आता जनुकीय तपासणी वा सीटी स्कॅनच्या विश्लेषणासाठी मोठे संगणक घेऊ लागली आहेत. त्यांच्या निविदांनी कोअरच्या संख्येवर आणि कमीत कमी दरावर थांबू नये. काम कोणते, त्याला मेमरीच्या वाटा किती लागतील, मेमरीतील चूक यंत्र स्वतः दुरुस्त करते का, वीज आणि थंडाव्याचा खर्च किती आणि पाच वर्षांनी सुटा भाग मिळेल का, हे प्रश्न निविदेत हवेत. वॉर्डासाठी व्हेंटिलेटर घेताना हीच चौकशी केली जाते.