श्रीलंका पाहावी, पण बाबासाहेबांच्या नजरेने



बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर पाहून आलेली आपली अनेक कुटुंबे आता श्रीलंकेच्या सहलीचे बेत आखू लागली आहेत. ज्यांच्या आजोबांना गावाच्या वेशीबाहेर राहावे लागले, त्यांची नातवंडे विमानाने बुद्धाच्या मार्गावर निघतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पै पै जमवून गेलेल्या माणसाने स्तूपासमोर फोटो काढून आणि चहाची पाकिटे घेऊन परतावे, एवढ्यापुरती ही सहल नाही.

१९५० सालच्या मे महिन्यात खुद्द बाबासाहेब माईसाहेबांसह श्रीलंकेला गेले होते. निमित्त जागतिक बौद्ध परिषदेचे होते. पण बौद्धांचे विधी-संस्कार कसे चालतात आणि बुद्धाचा धम्म तेथील लोकांच्या जगण्यात कितपत जिवंत आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. कोलंबोच्या सभेत त्यांनी तेथील अस्पृश्यांनाही बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. बौद्ध देशात अस्पृश्य! बाबासाहेबांनी हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. आपणही तीच नजर घेऊन निघावे.

एक बेट, अनेक मुलूख

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक. पण एवढ्याशा बेटात किती मुलूख सामावले आहेत! उत्तरेला जाफन्याची सपाट, ताडाच्या झाडांची, विहिरींवर जगणारी भूमी. मध्यभागी डोंगराळ प्रदेश. त्यातले पिदुरुतलागल हे शिखर २,५२४ मीटर उंच, आपल्या कळसूबाईपेक्षा कितीतरी मोठे. नैर्ऋत्येला सिंहराजाचे सदाहरित जंगल, ज्याला १९८८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. आग्नेयेला यालाचे रान, तेथे बिबट्याचे राज्य. या बेटावर वाघ नाही. त्यामुळे जंगलातला सर्वांत मोठा शिकारी बिबट्याच.

येथे पाऊस दोन दिशांनी येतो. नैर्ऋत्य भागाला आपल्यासारखाच मे-जूनपासून पाऊस मिळतो. अनुराधपूर, पोलोन्नरुव हा प्राचीन राजधान्यांचा मुलूख मात्र ईशान्येकडून येणाऱ्या पावसावर जगतो आणि उरलेले महिने कोरडे काढतो. अशा कोरड्या भागात एवढे मोठे स्तूप, एवढे विहार, हजारो भिक्खूंचा संघ कसा पोसला गेला? त्याचे उत्तर तळ्यांत आहे.

तळे कोणासाठी?

तळे म्हटले की आपल्याला महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, तेथे माणसाला बंदी होती. म्हणून आपल्या माणसाने लंकेतली तळी विशेष लक्ष देऊन पाहावीत.

तेथील कोरड्या भागात गावोगाव तळी आहेत. एका तळ्याचे पाणी शेताला जाते, शेतातून झिरपलेले पाणी खालच्या तळ्यात उतरते, तेथून पुढच्या गावाच्या तळ्यात. अशी साखळीच बांधलेली. मोठ्या तळ्याच्या बांधातून पाणी सोडताना त्याचा जोर आवरण्यासाठी आत दगडी चौकोनी विहीर बांधत. तिला ते ‘बिसोकोटुव’ म्हणतात. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यांची आणि मजुरांची ही अक्कल आहे. राजाचे नाव शिलालेखात राहिले, माती वाहणाऱ्याचे राहिले नाही, हेही मुलांना सांगावे.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. गावतळ्याच्या वरच्या अंगाला रानात एक छोटे तळे ठेवत. त्यावर शेती करायची नाही. गाळ तेथेच अडावा आणि रानातल्या जनावरांना पाणी मिळावे, यासाठी ते राखलेले. पाणी वाटताना हत्ती-हरणांचाही वाटा धरला जाई.

प्राण्यांना अभय

अनुराधपुराच्या पूर्वेला बारा-तेरा किलोमीटरवर मिहिंतले आहे. ज्येष्ठ पौर्णिमेला देवानंपियतिस्स राजा येथे हरणाच्या मागे लागला असता त्याला सम्राट अशोकाचे पुत्र थेर महिंद भेटले, आणि शिकारीला निघालेल्या राजाने धम्म ऐकला, अशी ‘महावंस’ ग्रंथातील कथा आहे. त्यानंतर हा परिसर प्राण्यांसाठी अभयस्थान झाला, असे तेथील परंपरा सांगते. १,८४० पायऱ्यांच्या या डोंगराच्या पायथ्याशी प्राचीन रुग्णालयाचे अवशेष आहेत. रोग्याला औषधी काढ्यात निजवण्यासाठी माणसाच्या आकाराची कोरलेली दगडी डोणी आजही दिसते.

तेथून पुढे महासेन राजाने बांधलेले मिन्नेरियाचे तळे लागते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी ओसरते, काठावर कोवळे गवत उगवते आणि शेकडो हत्ती तेथे जमतात. माणसाने खोदलेल्या तळ्यावर हत्ती पोसले जातात! पण चित्राची दुसरी बाजूही पाहावी. २०११ च्या गणनेत श्रीलंकेत ५,८७९ हत्ती मोजले गेले. शेते आणि वस्त्या हत्तींच्या वाटांवर सरकत गेल्या, आणि २०२३ या एका वर्षात ४५० हून अधिक हत्ती व दीडशेहून अधिक माणसे प्राणाला मुकली. मरणारी माणसे बहुतेक गरीब शेतकरी असतात.

आणि माणसाला?

बाराव्या शतकात निःशंकमल्ल नावाचा राजा होऊन गेला. अनुराधपुराच्या आसपासचे प्राणी आणि तळ्यांतील मासे यांना अभय दिल्याचे त्याने दगडावर कोरून ठेवले. मात्र शेतकरी गोवी कुळातील माणसाने सिंहासनाची हाव धरू नये, हेही त्याच राजाने कोरून ठेवले आहे. प्राण्याला अभय मिळाले, माणसाला समता मिळाली नाही.

पुढे १७५३ साली सियामहून उपसंपदा आणून कँडीत भिक्खुसंघ पुन्हा उभा राहिला. थोड्याच वर्षांत त्या सियाम निकायाचे दार फक्त वरच्या गोविगम जातीसाठी उघडे राहिले. तेव्हा सलागम जातीतील श्रामणेर समुद्र ओलांडून ब्रह्मदेशातील अमरपूरला गेले, तेथे उपसंपदा घेऊन १८०३ मध्ये परतले आणि त्यांनी अमरपूर निकाय स्थापला. ज्या तथागतांनी उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, त्यांच्या संघात जातीमुळे निकाय पडावेत! रोडी समाजाला तर गावाबाहेर राहून भीक मागण्याची सक्ती होती, आणि त्यांच्या स्त्रियांना कमरेवर वस्त्र घेण्याचीही मनाई होती. उत्तरेकडील तमिळ हिंदूंतही हाच रोग. सामाजिक बंदीविरुद्ध १९५७ साली कायदा झाला, तरी माविट्टपुरमच्या मंदिरप्रवेशासाठी तेथील दलितांना १९६८ मध्ये सत्याग्रह करावा लागला.

डोंगराळ भागात गेलात की चहाचे हिरवेगार मळे मन मोहून टाकतील. १८६७ साली जेम्स टेलरने १९ एकरांवर चहा लावला. मळ्यांवर राबण्यासाठी तमिळनाडूतून मजूर आणले गेले. त्यांत मोठा भरणा दलित जातींचा होता. १९४८ च्या कायद्याने या लाखो मजुरांचे नागरिकत्व गेले, आणि हा प्रश्न सुटायला २००३ साल उजाडले. ओळीने बांधलेल्या त्यांच्या कोंदट खोल्यांना तेथे ‘लाइन’ म्हणतात. चहा पिताना पाने खुडणाऱ्या माउलीचे हातही पाहावेत.

दांबुलाचे दार

निराश होण्याचे मात्र कारण नाही. दांबुलाची चित्रांनी भरलेली लेणी सगळेच पाहतात. पण तेथील प्रमुख भिक्खूंनी १९८५ साली कँडीच्या पीठापासून वेगळे होऊन सर्व जातींना उपसंपदेचे दार उघडले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अशोककन्या संघमित्रेने स्थापलेला आणि सुमारे अकराव्या शतकात लोपलेला भिक्खुणीसंघ १९९८ मध्ये याच दांबुलात पुन्हा उभा राहिला. चुकीची परंपरा मोडता येते, हे दांबुलाने दाखवले.

आपले ऋणही मोठे आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने लंकेला पोहोचले आणि १९०२ मध्ये तेथे त्यांनी प्रव्रज्या घेतली. भदंत आनंद कौसल्यायन यांची दीक्षाही लंकेतलीच. संघमित्रेने अनुराधपुरास नेलेल्या बोधिवृक्षाची शाखा त्यांनीच नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणली.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

विहारात जाताना खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे, शक्यतो पांढरे, घालावेत. पादत्राणे व टोपी बाहेर काढावी. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तेथे तो अपमान समजतात. आणि मुलांच्या हाती एक वही द्यावी. त्यात तीन प्रश्न लिहावेत: येथे पाणी कोणाला मिळत होते? येथे संघात कोणाला प्रवेश होता? हे बांधण्यासाठी कोण राबले?

वाचकहो, ही वही घरी आल्यावर बंद करू नका. हेच प्रश्न आपल्या वस्तीतल्या विहारालाही विचारा. आपल्या विहाराच्या कमिटीत महिला किती? शेजारच्या दुसऱ्या जातीतला गरीब माणूस आत येऊन बसतो काय? आणि सोयरीक जमवताना आपण अजून पोटजात विचारतो की नाही? कँडीच्या पीठाकडे बोट दाखवण्याआधी याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल. धम्म स्तूपाच्या उंचीवर मोजायचा नसतो. तळ्याचे पाणी आणि संघाचे दार कोणाकोणासाठी खुले आहे, यावर तो मोजायचा असतो.

जय भीम! नमो बुद्धाय!