सेकंड हँड गेम: डिस्क विकता येते, मग डाउनलोड केलेला गेम का नाही?

प्लेस्टेशन ५ चा नवा, मोठा गेम घ्यायचा तर भारतात पाच हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. कॉलेजात शिकणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या गेमरसाठी ही रक्कम छोटी नाही. म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ओएलएक्स आणि फेसबुक ग्रुपपर्यंत जुन्या गेमची खरेदी-विक्री चालते.

पण हा बाजार ज्या डिस्कवर उभा आहे, ती डिस्कच हळूहळू बाजूला पडतेय. नेमकं काय घडतंय आणि तुमचे पैसे कसे वाचतील? समजून घेऊ.

आधी हिशेब

समजा, तुम्ही ४,९९९ रुपयांना डिस्क घेतली, महिनाभरात गेम संपवला आणि ३,२०० रुपयांना विकला. तुमचा खरा खर्च झाला १,७९९ रुपये. तोच गेम ऑनलाइन सेलमध्ये २,४९९ रुपयांना मिळाला, तर दिसायला स्वस्त. पण तो पुढे विकता येत नाही, म्हणजे ७०० रुपये जास्तच गेले.

इथे वेळ महत्त्वाची. ऑनलाइन स्टोअरवर सेल लागला की जुन्या डिस्कचा भावही घसरतो. ईए स्पोर्ट्स एफसीसारख्या गेमची नवी आवृत्ती दर सप्टेंबरमध्ये येते, त्यानंतर जुनीला फारसं कुणी विचारत नाही. विकणाऱ्याने त्याआधी विकावी, घाई नसलेल्याने त्यानंतर घ्यावी.

डाउनलोड केलेला गेम का विकता येत नाही?

कारण तो तुमच्या मालकीचा नसतो. तुम्ही पैसे देता ते वापराच्या परवान्याचे, आणि तो तुमच्या अकाउंटला बांधलेला असतो.

'विकत घ्या' या बटणामुळे ग्राहकांची दिशाभूल होते, हा मुद्दा अमेरिकेत कॅलिफोर्नियाने कायद्यात आणला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना हा फक्त परवाना आहे, असं स्पष्ट सांगावं लागतं. फ्रान्समध्ये २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमवरचे गेम पुन्हा विकता येतील, असा निकाल दिला होता. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला.

डिस्क कुठे चालली?

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर जुन्या गेमसाठी निर्बंध जाहीर केले. गेमर इतके भडकले की महिनाभरातच कंपनीला माघार घ्यावी लागली.

आता मात्र बंदी घालायची गरजच उरलेली नाही. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला पीएस५ प्रो ड्राइव्हशिवाय विकला जातो, तो वेगळा घ्यावा लागतो. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ चे काही गेम 'गेम-की कार्ड'वर येतात. कार्डात पूर्ण गेम नसतो, तो डाउनलोडच करावा लागतो. हे कार्ड विकता येतं, पण उद्या डाउनलोडची सोय बंद झाली तर नव्या मालकाच्या हाती फक्त प्लास्टिक उरेल.

त्यामुळे कन्सोल घेताना ड्राइव्ह नसलेल्या मॉडेलची कमी किंमत बघून लगेच भुलू नका. वर्षाला किती गेम घेता आणि विकता, हे मोजून मग ठरवा.

घेताना काय तपासाल?

• डब्यात डिस्क आहे की फक्त डाउनलोड कोड? वापरलेला कोड पुन्हा चालत नाही.
• डिस्क उजेडात धरून ओरखडे बघा, शक्य असेल तर कन्सोलवर चालवून बघा.
• डिस्क परदेशातली असेल तर गेम चालतो, पण प्लेस्टेशनवर भारतीय अकाउंटवरून घेतलेला अतिरिक्त कंटेंट तिच्यासोबत चालेलच असं नाही.
• गेम फक्त ऑनलाइन चालणारा असेल तर सर्व्हर सुरू आहेत का, ते बघा. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि त्याची डिस्कही निरुपयोगी ठरली.
• सोशल मीडियावर 'डिजिटल गेम' अगदी स्वस्तात मिळत असेल, तर बहुतेक वेळा तुम्हाला दुसऱ्याच्या अकाउंटचं लॉगिन दिलं जातं. हे कंपन्यांच्या नियमांविरुद्ध आहे. अकाउंट बंद झालं किंवा मूळ मालकाने पासवर्ड बदलला, तर पैसेही गेले आणि गेमही.

विकताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. 'पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कुणी म्हटलं, तर व्यवहार तिथेच थांबवा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.

थोडक्यात, एकदाच खेळून संपणारा गेम असेल तर डिस्क घ्या आणि लवकर विका. वर्षानुवर्षं खेळायचा असेल तर सेलमधला डिजिटल गेमही परवडतो. फक्त तो घेताना हे पैसे परत येणार नाहीत, हे हिशेबात धरा.