‘पाल’ आणि ‘गरोळी’ : सीमेवरील दोन शब्द

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भिंतीवरच्या एकाच प्राण्याला मराठी ‘पाल’ म्हणते, तर सीमेपलीकडची गुजराती ‘गरोळी’. अशा जोड्या दिसल्या की एक शब्द शुद्ध व दुसरा ‘सरमिसळ’ ठरविण्याची घाई केली जाते. ध्वनिइतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

‘पाल’ची व्युत्पत्ती सामान्यतः ‘सं. पल्ली’ एवढीच देऊन विषय संपविला जातो. ‘गल्ल’चा ‘गाल’ झाला तसाच ‘पल्ली’चा ‘पाल’ झाला, हे खरेच. परंतु संस्कृत ‘पल्ली’चे दोन अर्थ आहेत : भिंतीवरची पाल आणि लहानशी वस्ती. या दोहोंची सांगड घालणे संस्कृतच्या चौकटीत दुर्घट आहे. कन्नडाकडे वळताच कोडे उलगडते. तेथे पालीला ‘हल्लि’ म्हणतात आणि खेड्याला ‘हळ्ळि’. तमिळमध्येही ‘पल्लि’ व ‘पळ्ळि’ हा भेद जपला गेला आहे. अभिजात संस्कृतात ‘ळ’ला स्वतंत्र स्थान नाही, तेव्हा द्राविडी भाषांतील दोन भिन्न शब्द तेथे एकरूप झाले, असे मानणेच सयुक्तिक ठरते. अर्थात ‘सं.’ हे संक्षेपचिन्ह येथे शब्दाचे उगमस्थान नसून वाटेतला मुक्काम आहे.

‘गरोळी’चा मार्ग वेगळा. तिचा संबंध ‘गृहगोलिका’शी जोडला जातो. स्वरांमधील एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होणे मराठी-गुजरातीस समान आहे. द्वित्त ‘ल्ल’ मात्र ‘ल’ म्हणून टिकतो. म्हणून ‘पाल’मध्ये ‘ल’ व ‘गरोळी’त ‘ळ’. दोन्ही शब्द आपापल्या नियमाने आलेले. कोणीही कोणाचा अपभ्रंश नव्हे. (संस्कृतात पालीस ‘कुड्यमत्स्य’, म्हणजे भिंतीवरचा मासा, असेही नाव आहे. त्यातील ‘कुड्य’ हेच मराठी ‘कूड’. वारली घराच्या कुडावर ते नाव किती चपखल बसते!)

१ मे १९६० रोजी राज्यांची सीमा आखली गेली, शब्दांची नव्हे. डॉ. अ. मा. घाटगे यांनी बोलींच्या सर्वेक्षणात ठाण्याच्या वारलीस स्वतंत्र स्थान दिले, ही दृष्टी पुढे नेण्याजोगी आहे. पदव्युत्तर प्रबंधांतून मात्र सीमाभागातील शब्द ‘गुजरातीचा प्रभाव’ या एकाच रकान्यात टाकले जातात. वारली मुलाने वर्गात घरचा शब्द उच्चारला तर त्यास ‘अशुद्ध’ म्हणण्याचे धैर्य शिक्षकास याच रकान्यातून मिळते. तेव्हा प्रत्येक शब्दाची नोंद गाव, घरची बोली आणि ‘ल-ळ’चा नेमका उच्चार यांसह व्हावी, प्रभावाचा निवाडा त्यानंतर.