ही कसली स्वेच्छा?

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या जागी आयटी पार्क उभे राहिले. पण तुर्भे, महापे, रबाळेच्या धुरात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्या कामगारांचे काय? पन्नाशी ओलांडली की व्यवस्थापनाला त्यांचा अनुभव दिसत नाही, पगार तेवढा दिसतो. मग बदली, रात्रपाळी, पाणउतारा आणि शेवटी स्वेच्छानिवृत्तीचा कागद!

खरी मेख येथेच आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम 25 जी सांगत होते की, कपात करायचीच तर सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जाईल. जुन्या कामगाराचे ते कवच होते. परंतु त्याच कायद्याने स्वेच्छानिवृत्तीला कपात मानले नाही. म्हणून मालक काढत नाही, सही घेतो. सही झाली की कवच गळाले! 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व आणि ही पळवाट दोन्ही कायम आहेत. कपातीसाठी सरकारी परवानगीची अट मात्र 100 ऐवजी 300 कामगारांवर नेली गेली.

आपल्या समाजाला हा घाव अधिक खोल लागतो. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. बाप पन्नाशीत घरी बसला की पोरांचे शिक्षण अर्ध्यावर थांबते.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते. कामगाराने भीक नव्हे, हक्क मागावा, हीच त्यांची शिकवण. तेव्हा बांधवांनो, एकट्याने सही करू नका. कागद आधी युनियनला, वकिलाला दाखवा. मालकाला ज्या सहीची घाई, तिच्यात कामगाराचे हित शोधून सापडणार नाही.