गाडीखान्याचे लाकडी दार

मराठवाड्याच्या जुन्या बाजारपेठांत दुकान बंद करणे म्हणजे शटर ओढणे नव्हते. उंबरठ्याच्या खाचेत लाकडी फळ्या एकेक करून सरकवायच्या आणि शेवटी आडणा लावून कुलूप घालायचे. फळ्यांचा क्रम चुकला की दुकान बंद होत नसे. पुढे लोखंडी शटर आले आणि ही सवय गेली. नांदेड-लातूरच्या नव्या वसाहतींत मात्र बंगल्यालगतच्या गाडीखान्यासाठी लाकडी दार घरीच घडविणे अवघड नाही. अट एवढीच, की हिशेब आधी करावा आणि करवत नंतर हाती घ्यावी.

गाडीखान्याचे तोंड 8 फूट रुंद व 7 फूट उंच धरू. सव्वा इंच जाडीच्या फळ्यांची दोन झडपे, त्यांच्या आडव्या व तिरप्या पट्ट्या मिळून सुमारे 8 घनफूट लाकूड लागते. कापणीतील तूट धरून 10 घनफूट घ्यावे. किनवट-माहूरच्या रानांमुळे सागवान या भागाला परका नाही. तरीही वखारीतून पक्के बिल आणि वाहतूक परवाना पाहूनच माल उचलावा. ओले लाकूड स्वस्त पडते, पण वाळताना पिळते आणि झालेली बचत दुप्पट वसूल करते.

असे सागवानी झडप सुमारे 75 किलो भरते. येथेच घरगुती कारागिराची खरी परीक्षा असते. तिरपी पट्टी बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जावी, म्हणजे भार बिजागरीवर उतरतो. उलट लावल्यास काही महिन्यांत झडप लोंबते व जमिनीला घासते. प्रत्येक झडपास तीन मजबूत बिजागऱ्या द्याव्यात. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून फळ्यांमध्ये किंचित फट ठेवावी.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर, किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या, माळवदांचा भार अंगावर आला. पण कित्येक घरांत लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या. लाकूड लवचीक असते. धोका असतो तो जड आणि नीट न बांधलेल्या वस्तूचा. म्हणून चौकट नुसत्या गिलाव्यात न बसवता भिंतीत लोखंडी पकडींनी घट्ट रोवावी आणि झडपे बाहेर उघडणारी ठेवावीत. आतल्या सामानाने किंवा पडझडीने ती अडू नयेत, हा त्यामागचा हेतू.

वाळवीसाठी औषध फवारून जीव मारण्यापेक्षा तिला वाट न देणे श्रेयस्कर. झडप जमिनीपासून इंचभर वर ठेवावे, चौकटीचे पाय दगडावर टेकवावेत आणि जवळ ओल साचू देऊ नये. जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन-तीन पातळ हात दिल्यास लाकूड पाणी कमी पिते. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

घरातील मुलांनी बापाबरोबर गुण्या धरून एक कोपरा काटकोनात आणला, तरी ते दार नुसते गाडीचे राहत नाही. मोजमापातील प्रामाणिकपणा वहीप्रमाणेच लाकडातही दिसतो, हे त्यांना न सांगता कळते.