रस्ता तर हवाच, पण जंगलाचे तुकडे किती करायचे? हरसूल-त्र्यंबक पट्ट्यापुढचा प्रश्न

हरसूल : सिंहस्थ जवळ आला की त्र्यंबक तालुक्यात रस्त्यांची कामं निघतात. यंदाही तेच. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. त्याआधी त्र्यंबकेश्वरला येणारे रस्ते रुंद करायची घाई आहे. पण हे रस्ते ज्या डोंगर-जंगलातून जातात, तिथल्या जनावरांचं काय, हे फारसं कुणी विचारत नाही.

रस्ता ही चैन नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. रात्री अडलेल्या बाळंतिणीला नाशिकला न्यायचं असो, की पहाटे गिरणाऱ्याच्या मजूर बाजाराला पोहोचायचं असो, चांगला रस्ता लागतोच. वाघेरा घाटातून पावसाळ्यात गाडी काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे 'रस्ता की जंगल' हा वादच चुकीचा आहे. खरा प्रश्न रस्ता कुठून जातो आणि कसा बांधला जातो, हा आहे.

तुकडे होतात म्हणजे काय?

भाकरी चतकोर-चतकोर केली तरी चारी तुकडे मिळून भाकरी तेवढीच राहते. जंगलाचं तसं नाही. मधून रस्ता गेला की नुकसान तीन बाजूंनी होतं.

पहिलं, गाडीखाली जनावरं मरतात. पहिल्या पावसात बेडूक, खेकडे, साप रस्त्यावर येतात आणि चिरडले जातात. रात्री ससा, रानमांजर, तरस, बिबट्या. रस्ता जितका गुळगुळीत, तितका गाडीचा वेग जास्त.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. वर्दळ, दिवे आणि हॉर्न यामुळे भेकरासारखं बुजरं जनावर रस्ता ओलांडतच नाही. पाणी पलीकडे आणि चारा अलीकडे, अशी त्याची गत होते. छोट्या तुकड्यात अडकलेल्या जनावरांची वीण आपसातच होत राहते आणि हळूहळू तो कळप संपतो.

तिसरं, रस्त्यामागोमाग प्लॉट येतात, तारेची कुंपणं येतात, हॉटेलं येतात. रस्त्याने जंगल थोडंच खाल्लेलं असतं, त्याच्या मागून येणारं बरंच खातं. मग बिबट्या वाडीवस्तीला, कोंबड्या-शेळ्यांच्या मागे येतो आणि आपण म्हणतो, 'बिबटे वाढले'.

आजोबाची वाट

२००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. गळ्यात जीपीएसची पट्टी बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. 'आजोबा' हे त्याचं नाव. हा गडी महिनाभरात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत शेतं, रेल्वे आणि मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला. माणसावर हल्ला केला नाही. २०११ साली मात्र मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत त्याचा जीव गेला. जंगली जनावर आपल्या हद्दी पाळत नाही, त्याला सलग वाट लागते, एवढं यातून कळतं.

पेंचमध्ये जमलं

नागपूर-सिवनी महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जातो. न्यायालयापर्यंत वाद गेल्यावर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी ९ पूल आणि भुयारी वाटा बांधल्या गेल्या. सर्वात लहान ५० मीटर, सर्वात मोठी ७५० मीटर. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी या वाटांनी जाताना दिसले. ११ वाघांनी मिळून ८९ वेळा त्या वापरल्या. वरून ट्रक, खालून वाघ. दोघांचंही काम चालू.

म्हणजे उपाय आहे. फक्त तो रस्त्याच्या नकाशातच असायला हवा, रस्ता झाल्यावर नाही.

आपल्या पट्ट्यात काय?

हा सगळा भाग वाटतो तितका मोकळा नाही. राज्य सरकारने २०२२ च्या सुरुवातीला १२ नवीन संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर केली. त्यात त्र्यंबकेश्वर ९६.९७ चौरस किलोमीटर आणि शेजारचं इगतपुरी ८८.४९ चौरस किलोमीटर आहे. अंजनेरीचं राखीव क्षेत्र त्याआधीचं. तिथल्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. म्हणूनच २०२१ मध्ये अंजनेरी गडावर गाडीरस्ता नेण्याचा विषय निघाला तेव्हा नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी जोरदार विरोध केला. हरसूलजवळ खोरीपाड्याला तर गिधाडांसाठी खास मेलेली जनावरं टाकण्याची जागा आहे आणि गावानेच तिला साथ दिली आहे.

ग्रामसभा काय करू शकते?

संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असावा, असं वन्यजीव कायदाच सांगतो. आपल्या गावाचा प्रतिनिधी कोण, समितीची बैठक कधी झाली, हे ग्रामसभेत विचारा.

वनहक्क कायद्यानुसार गावासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमिनीतून रस्ता काढायचा असेल तर ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत. शिफारस देताना अटी मांडायला काय हरकत आहे?

अटी साध्या आहेत. ओढ्यावर नुसता पाइप न टाकता मोठी मोरी बांधा, तिच्या कडेला जनावराला चालायला कोरडी जागा ठेवा. जनावरांच्या नेहमीच्या वाटेवर गतिरोधक आणि फलक लावा. ही वाट कुठे आहे, हे गुराख्याला आणि मोहं वेचणाऱ्या बाईला इंजिनिअरपेक्षा जास्त ठाऊक असतं. ती माहिती नकाशावर यायला हवी.

आणि घाटात रात्री गाडी हळू चालवा, हे तर कुणाच्याही मंजुरीशिवाय करता येतं. जखमी जनावर दिसलं तर हात लावू नका, गर्दी करू नका, वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर फोन करा.

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि जातो. रस्ता मात्र पन्नास वर्षं राहतो. मोरी आज लहान बांधली तर ती पुन्हा मोठी कोण करणार? बोलायचं असेल तर काम सुरू होण्याआधीच बोलायला हवं.